सहायक प्रशिक्षक आणि ऑपरेशन्स डायरेक्टर: एकाच बाकावरची दोन वेगळी पदे

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलचा सामना पाहताना मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी एकाच रंगाचे कपडे घातलेली पाच-सहा माणसे बसलेली दिसतात आणि त्यांतील काही जण कधीकधी त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू असतात. बाहेरच्या प्रेक्षकाला ते सारेच ‘सहायक प्रशिक्षक’ वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी काहींना सरावात खेळाडूला एखादा बचाव समजावून सांगण्याचीही परवानगी नसे. हा फरक ज्ञानाचा किंवा ज्येष्ठतेचा नसून नियमाचा आहे, आणि या क्षेत्रात शिरलेल्या माजी खेळाडूची कारकीर्द त्याच नियमाच्या अलीकडे-पलीकडे घडते.

त्यासाठी ड्यूक विद्यापीठाचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. एप्रिल २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे बटलर विद्यापीठाला ६१-५९ असे हरवून ड्यूकने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा गार्डच्या, म्हणजे चेंडू हाताळत खेळ उभा करणाऱ्यांच्या, दोन जागा जॉन शायर आणि नोलन स्मिथ यांनी सांभाळल्या होत्या. पुढे दोघेही मुख्य प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांच्या हाताखाली ड्यूकमध्येच परतले, दोघांनीही ‘स्पेशल असिस्टंट’ या काहीशा संदिग्ध नावाच्या पदापासून सुरुवात केली, आणि दोघेही अखेर सहायक प्रशिक्षक झाले. मात्र २०१३ मध्ये परतलेला शायर दुसऱ्याच वर्षी सहायक प्रशिक्षक झाला, तर २०१६ मध्ये परतलेल्या स्मिथला त्या पदासाठी २०२१ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात ऑपरेशन्स आणि खेळाडू-विकास यांचा डायरेक्टर अशी पाटी त्याच्या नावापुढे लागली होती. ज्या स्मिथला २०११ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा, म्हणजे ड्यूक ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले गेले होते आणि ज्याला त्याच वर्षी पोर्टलंडच्या संघाने एनबीए या व्यावसायिक लीगच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत २१व्या क्रमांकावर घेतले, त्याला खेळाची समज कमी होती म्हणून थांबावे लागले असे कोणी म्हणणार नाही.

ऑपरेशन्स डायरेक्टरचे काम मुख्यतः संघ चालता ठेवण्याचे असते. प्रवासाचे विमान, हॉटेल, जेवणाच्या वेळा, सरावाचे वेळापत्रक, चित्रफिती वेळेवर हाती पडणे, खेळाडूंच्या अभ्यासाबाबत संबंधित विभागाशी संपर्क आणि उन्हाळी शिबिरांची व्यवस्था ही सारी जबाबदारी त्याच्याकडे असते. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना संघाबरोबर जाणाऱ्या संघ व्यवस्थापकाची येथे आठवण होईल, परंतु ते साम्य अर्धेच खरे आहे. आपला व्यवस्थापक बहुधा एखादा प्राध्यापक असतो, त्याला प्रशिक्षक व्हायचे नसते. येथे मात्र त्या खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर बहुतेक वेळा शेजारच्या खुर्चीवर असते.

एनसीएए, म्हणजे महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था, हिच्या नियमांनुसार पहिल्या श्रेणीतील पुरुषांच्या संघाला २०२३ पर्यंत एक मुख्य आणि तीन सहायक असे चारच प्रशिक्षक ठेवता येत. मैदानावर तंत्र शिकवणे, डावपेच सांगणे आणि विद्यापीठाबाहेर जाऊन खेळाडू निवडणे ही कामे फक्त या चौघांची. ऑपरेशन्स डायरेक्टर सरावाला हजर राहू शकत असे, परंतु बचाव करणाऱ्याचा पाय चुकीच्या बाजूला पडतो आहे हे त्याला स्वच्छ दिसले तरी ते त्या खेळाडूला तिथे समजावून सांगणे हा नियमभंग ठरे. दहा वर्षे स्वतः हेच खेळलेल्या माणसाने गप्प उभे राहावे, ही अपेक्षा मला तरी नेहमीच थोडी अमानुष वाटत आली आहे.

सहायक प्रशिक्षकाचा दिवस याच्या अगदी उलट असतो. आगामी प्रतिस्पर्धी सहायकांमध्ये वाटून दिले जातात आणि ज्याच्या वाट्याला जो संघ येतो त्याने त्या संघाचे अलीकडचे सामने पुन्हा पुन्हा पाहून, कोणता खेळाडू डावीकडे वळणे टाळतो, वेळ संपत आली की चेंडू कोणाच्या हाती दिला जातो, कोणाला बाहेरून फेकू दिले तरी चालेल, हे शोधून सरावात आपल्या खेळाडूंकडून उतरवून घ्यायचे असते. तरीही त्याची खरी किंमत ठरते ती खेळाडू मिळवण्यावर. शाळकरी वयाच्या मुलांचे सामने पाहत गावोगाव फिरणे, त्यांच्या पालकांशी आणि शाळेतील प्रशिक्षकांशी दोन-दोन वर्षे संबंध टिकवणे, आणि हे सारे वर्षाच्या कॅलेंडरमध्ये आखून दिलेल्या काळातच करणे, हे काम पाठ केल्यासारखे अंगवळणी पडावे लागते. कारण काही काळात मुलाला त्याच्या घरी भेटता येते, काही काळात फक्त त्याचा खेळ पाहता येतो, काही काळात भेट विद्यापीठाच्या आवारातच होऊ शकते, आणि काही काळात समोरासमोरची भेट पूर्णपणे बंद असते. सप्टेंबर २०१७ मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून संघीय यंत्रणेने चार विद्यापीठांतील चौघांना अटक केली, तेव्हा ते चौघेही सहायक प्रशिक्षक होते, यात नवल नव्हते. खेळाडूंवर प्रभाव त्यांचाच असतो.

सहायकांच्या जागा मोजक्याच असल्याने वरची खुर्ची मिळणे हे बहुतांशी ती रिकामी होण्यावर अवलंबून असते. २०१४ मध्ये ड्यूकच्या बाकावरचे स्टीव्ह वोजचेहाउस्की मार्केट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले म्हणून शायरला जागा मिळाली. २०१८ मध्ये त्याच बाकावरचे जेफ केपेल पिट्सबर्गला गेल्यावर शायर सहयोगी मुख्य प्रशिक्षक झाला. २०२१ मध्ये नेट जेम्स ऑस्टिन पी येथे गेले तेव्हा स्मिथला बढती मिळाली. ‘सहयोगी मुख्य प्रशिक्षक’ हा मान मोठा असला तरी नियमाच्या हिशेबात तोही सहायकच, त्यामुळे या नावाने गोंधळून जाऊ नये. शायर २०२२ मध्ये शशेव्स्की यांच्या जागी मुख्य प्रशिक्षक झाला, तर स्मिथ त्याच वर्षी लुईव्हिलला, नंतर मेम्फिसला आणि २०२५ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून टेनेसी स्टेटला गेला.

खालच्या पायरीवरच्या माणसाचे वेतनही कधीकाळी नियमानेच बांधले गेले होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी एनसीएएने चौथ्या प्रशिक्षकासाठी शैक्षणिक वर्षाला १२,००० आणि उन्हाळ्यासाठी ४,००० डॉलर्स अशी कमाल मर्यादा घातली. नॉर्मन लॉ आणि इतर प्रशिक्षकांनी त्याविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला, १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ही मर्यादा बेकायदा असल्याचा निर्णय कायम ठेवला आणि पुढल्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलर्सवर तडजोड झाली.

१ जुलै २०२३ पासून मात्र दोन पदांमधली रेषा सरकली आहे. तीन सहायकांखेरीज आणखी दोघांना आता मैदानावर शिकवण्याची मुभा आहे, परंतु खेळाडू निवडण्यासाठी त्यांना विद्यापीठाबाहेर जाता येत नाही. परिणामी अनेक संघांच्या यादीत आता पाच सहायक प्रशिक्षक दिसतात, आणि त्यांतील कोण शाळेच्या जिममध्ये जाऊन मुलाचा खेळ पाहू शकतो हे केवळ पदनामावरून ओळखता येत नाही.