ऑप्शन फॉर्म भरायला येण्याआधी एवढं वाचा

ऑप्शन फॉर्म म्हणजे प्रवेशासाठी कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायचा फॉर्म. दर जूनमध्ये आमच्या नागपुरातल्या बर्डीच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाऊ, मागच्या साली पुतण्याचा भरला होता ना, तसाच भरून द्या." पुतण्याचं वर्ष गेलं, त्याच्यासोबत नियमही गेले. फॉर्म भरून देणं हा आमचा धंदाच आहे. पण कोणतं कॉलेज कितव्या नंबरावर टाकायचं हे घरी ठरवून या. त्यासाठी हे पत्रक.

सुरुवात इंजिनीअरिंगपासून करू, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. २०२५ पासून कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तुमची एक नंबरची पसंती लागली, तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. नको म्हटलं की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. चौथ्या फेरीत जे लागेल ते शेवटचं.

आता याचा अर्थ बघा. मुलाला कॉम्प्युटर पाहिजे, पण भीतीपोटी एक नंबरवर खात्रीने मिळेल अशी मेकॅनिकलची जागा टाकली. ती पहिल्याच फेरीत लागते आणि विषय संपतो. कॉम्प्युटर पुढच्या फेरीत मिळालं असतं की नाही, हे कधी कळणारच नाही. उलट, आवाक्याबाहेरचं वाटणारं कॉलेज वर टाकल्याने काहीच बिघडत नाही. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचत जाते आणि तुमच्या मेरिटला जी पहिली जागा मिळते ती देते. म्हणून यादी मनाच्या क्रमाने लिहा, भीतीच्या क्रमाने नको. आणि पहिल्या सहा ओळींत असं एकही नाव नको, जे लागल्यावर घरात सुतक पडेल. प्रत्येक फेरीआधी फॉर्म नव्याने भरता येतो, तेव्हा खालची नावं वर आणायला वाव असतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आम्ही दिवसातून दहादा सांगतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद तुमच्या बरोबरीने किंवा मागे. सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. २०२६ पासून ही परीक्षा दोनदा देता येते आणि चांगला पर्सेंटाइल धरला जातो.

व्हीएनआयटीचा, म्हणजे नागपुरातल्या केंद्र सरकारच्या इंजिनीअरिंग संस्थेचा, रस्ता मात्र पूर्ण वेगळा. तिथे सीईटी चालत नाही. जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा द्यायची आणि जोसाच्या (देशपातळीवरच्या प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्यांत उतरायचं. निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, पण बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं (एससी, एसटी आणि दिव्यांगांना ६५ टक्के). फक्त सीईटीचा अभ्यास करून 'व्हीएनआयटीचं काय?' असं मेमध्ये विचारायला येणारे दरवर्षी भेटतात. त्यांना चहा पाजण्यापलीकडे आमच्या हातात काही नसतं.

होम युनिव्हर्सिटी, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या हद्दीतले म्हणून तुम्हाला तिथल्या कॉलेजांत वेगळ्या जागा मिळतात ते, हा आणखी एक खड्डा. बारावी कुठून पास झालात यावर ती ठरते, घराच्या पत्त्यावर नाही. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठात येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. दहावीनंतर दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात नाव घालताना हे डोक्यात ठेवा.

कागदांचं सांगायचं तर, जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. निकाल लागल्यावर कमिटीच्या दारात उभं राहणं म्हणजे लग्नाच्या दिवशी मंगळसूत्र घडवायला टाकणं. नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तारीख आत्ताच बघा. प्रवेशाच्या वेळी ते चालू असलंच पाहिजे. डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढतानाच आधार, दहावीचं मार्कशीट आणि अपार आयडीवरचं (विद्यार्थ्याच्या डिजिटल ओळख क्रमांकावरचं) नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तपासा. एका वेलांटीपायी मुलं जूनच्या उन्हात तहसीलच्या फेऱ्या मारतात.

मुलींच्या पालकांनी हे दोनदा वाचावं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांतली शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागून मॅनेजमेंट कोट्यात गेलात, की ही सवलत गेली.

बाकी थोडक्यात. बीबीए आणि बीसीएला २०२४ पासून सीईटी आहे, बारावीच्या टक्क्यांवर थेट प्रवेश हा समज सोडा. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, ती २०२२ पासून. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची झाली, तरी तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, त्यामुळे 'एक वर्ष वाया' म्हणून घाबरू नका. अकरावीतही पहिली पसंती लागली की ती घ्यावी लागते, म्हणजे धाकट्याची यादीही मनाच्या क्रमानेच लिहा.

येताना सगळे मूळ कागद, आपल्या हाताने लिहिलेली पसंतीची यादी आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो मोबाइल आणा. बाबा ड्यूटीवर, मोबाइल त्यांच्या खिशात आणि शेवटच्या तारखेला पोरगं आमच्या काउंटरवर, हे मागच्या वर्षी फार झालं.