प्लास्टिक सर्जन आणि 'कॉस्मेटिक सर्जन': नावाखालची डिग्री वाचा

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरून कॅनडा कॉर्नरपर्यंत नुसती चक्कर मारली तरी स्किन, हेअर, स्लिमिंगचे कितीतरी बोर्ड दिसतात, आणि काहींवर डॉक्टरांच्या नावाखाली 'कॉस्मेटिक सर्जन' लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं की प्लास्टिक सर्जन म्हणजे भाजलेल्या नाहीतर अपघाताच्या पेशंटसाठी, आणि नाक, पोट, चेहरा करायचा असेल तर कॉस्मेटिक सर्जन. तसं अजिबात नाहीये. राइनोप्लास्टी (नाकाची सर्जरी), लायपोसक्शन (चरबी ओढून काढणं), टमी टक (पोटाची सैल कातडी काढणं) हे सगळं प्लास्टिक सर्जरीतच येतं.

प्लास्टिक सर्जन व्हायचं तर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग 3 वर्षं एमएस जनरल सर्जरी, आणि त्यावर 3 वर्षं प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच ही सुपरस्पेशालिटी डिग्री नाहीतर त्याच तोडीची डीएनबी (आता तिला डीआरएनबी म्हणतात). 'कॉस्मेटिक सर्जन' मात्र कोण लिहितं यावर सगळं आहे, कारण त्या नावाची वेगळी एमसीएच आपल्याकडे नाहीच. पक्का प्लास्टिक सर्जनही ते लिहितो, पेशंटला पटकन कळावं म्हणून, आणि एमबीबीएसनंतर छोटासा कोर्स केलेलाही लिहितो. बाहेरून दोघं सारखेच, तोच एसी, तेच आधीचे-नंतरचे फोटो.

फरक कळतो तो काही बिघडलं की. टमी टकमध्ये पोटाची कातडी उचलून, ताणून खाली शिवतात, आणि तिथला रक्तपुरवठा कमी पडला तर टाक्यांजवळची कातडी आधी निळसर आणि मग काळी पडायला लागते (सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त, म्हणून आधी बंद करायला सांगतात). अशा वेळी कुठवर थांबायचं, किती कातडी काढायची, ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी) लावायचं का, हे ज्याने ट्रेनिंगमध्ये भाजलेले आणि चेंगरलेले हातपाय जोडलेत त्याला माहीत असतं, शनिवार-रविवारच्या वर्कशॉपमध्ये ते शिकता येत नाही हो. नॅशनल मेडिकल कमिशननेही 2022 मध्ये एस्थेटिक प्रोसिजर आणि हेअर ट्रान्सप्लांटबद्दल सांगितलंय की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघणं हे पुरेसं ट्रेनिंग नाही.

स्किनचे एमडी डॉक्टर या भानगडीत ओढू नका. बोटॉक्स, फिलर, लेझर, पील हे त्यांचंच काम आहे, त्यासाठी प्लास्टिक सर्जनकडेच जायला पाहिजे असं काही नाही, हेअर ट्रान्सप्लांटही त्यातलं ट्रेनिंग घेतलेले स्किनवाले करतात. पण पोट कापायचंय, चरबी काढायचीय, तर प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी बघाच.

तपासायचं कसं? प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा, आणि नुसतं एमबीबीएस दिसलं तर पुढची डिग्री नोंदवलीय का ते सरळ विचारा. राज्यातल्या मेडिकल कॉलेजांच्या बऱ्याचशा डिग्र्या तर आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्याच असतात, त्यामुळे कुठल्या कॉलेजचं एमसीएच, कुठल्या वर्षीचं, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. ऑपरेशन कुठे होणार, भूल देणारे डॉक्टर कोण, रात्री त्रास झाला तर कोण येणार, हेही आधीच विचारा. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दिसेल असं लावलेलं पाहिजे.

आणि पैशांचं. नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या सर्जरीला मेडिक्लेम सहसा मिळत नाही आणि वर जीएसटी लागतो. अपघात, दुखापत किंवा जन्मजात दोष नीट करायची सर्जरी असेल तर जीएसटीतून सूट आहे, म्हणून जन्मतः फाटलेला ओठ किंवा अपघातात मोडलेलं नाक असेल तर कारण फाइलवर स्पष्ट लिहून घ्या, आणि एस्टिमेट मागताना त्यात टॅक्स धरलाय का तेही विचारून घ्या.