लाकूडतोड, गोव्यातील : पादत्राणे व कार्यानुभव

लाकूडतोड, गोव्यातील : उभे झाड ठरवलेल्या दिशेला पाडणे, त्याच्या फांद्या साफ करणे व खोडाचे ओंडके करणे हा व्यवसाय. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत तो मुख्यतः चालत आला आहे. या नोंदीत तोडणी कामगारांच्या पायांतील संरक्षण आणि कामातूनच मिळणारे ज्ञान या दोन अंगांवर भर दिला आहे.

गोव्यातील संघटित लाकूडतोडीचा आरंभ सामान्यतः जहाजबांधणीशी जोडला जातो. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा शहर (आजचे जुने गोवे) घेतले तेव्हा तेथे आदिलशाही गोदी चालू होती. पुढे तिचाच विस्तार झाला. मात्र या गोदीचे सागवान कोठून येई, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ते लगतच्या घाटातून नद्यांवाटे उतरवले जाई. दुसरे मत वसई-दमण पट्ट्याला महत्त्व देते. या वादात एक गोष्ट बऱ्याचदा निसटते. १६व्या व १७व्या शतकांत पोर्तुगीजांकडे तिसवाडी, बारदेश व साष्टी हा किनारपट्टीचा प्रदेश होता. सत्तरी, सांगे, काणकोण हे जंगलाचे महाल १८व्या शतकाच्या उत्तरार्धात ‘नव्या काबिजादी’ म्हणून त्यांच्या ताब्यात आले. वसई मात्र १७३९ पर्यंत त्यांच्या हाती होती. त्यामुळे निदान मोठ्या जहाजांच्या सागवानाबाबत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दमणच्या गोदीतून १८४३ मध्ये पाण्यात उतरलेली ‘दों फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया’ ही युद्धनौका नगरहवेलीच्या सागवानाची होती, हेही त्याला पूरकच आहे. घाटातले लाकूड गोव्यात येत नसे असा याचा अर्थ नव्हे. ते परराज्यातून, व्यापाऱ्यांच्या मार्फत येई आणि ते तोडणारे हात पोर्तुगीज दप्तराबाहेरचे होते. या कसबाची परंपरा लेखी न राहता तोंडी राहिली, त्याचे एक कारण येथे सापडते. वनप्रशासनाची घडी १८५१ च्या सुमारास बसली असे मानतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने मंजूर कार्ययोजनेशिवाय (म्हणजे वनातील कामाच्या मान्य आराखड्याशिवाय) वनांतील तोड थांबली; १९९९ मध्ये म्हादई व नेत्रावळी ही अभयारण्ये जाहीर झाली. आता कामगाराच्या वाट्याला येतात ती सागाच्या व ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या लागवडीतील विरळणी (दाटी कमी करण्यासाठी काही झाडे काढणे), खाजगी जमिनीतील परवानगीची तोड, जुन्या काजूबागा, कुळागरांतली (सुपारी-नारळाच्या मिश्र बागांतली) व भाटांतली (माडांच्या बागायतींतली) झाडे आणि पावसाळ्यात रस्त्यांवर, घरांवर कोसळलेली झाडे. हे शेवटचे काम सर्वांत धोक्याचे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात अशी झाडे असंख्य पडली. उन्मळलेल्या खोडात ताण साठलेला असतो. वाकलेल्या खोडाची एक बाजू दबलेली व दुसरी ताणलेली असते. ताणलेल्या बाजूला आधीच पूर्ण काप दिला तर खोड उभे फाटते किंवा उसळते. मुळांचा गड्डा खोड सुटताच पुन्हा उभा होऊन बसतो, म्हणून त्याच्या खड्ड्यात कोणी उतरायचे नसते.

उभे झाड पाडण्याची पद्धत थोडक्यात अशी. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला पाचरीच्या आकाराची खाच घेतात. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, मागचा काप देतात. दोन्हींच्या मध्ये लाकडाची पट्टी न कापता ठेवायची असते. हीच बिजागरी. झाड तिच्यावर वळते व दिशा धरते. खाचेची खोली किती असावी याबद्दल मार्गदर्शिकांत एकवाक्यता नाही. व्यासाच्या पाचव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंतची प्रमाणे दिलेली आढळतात. जाड खोडाला कमी खोली पुरते. बारीक खोडात मागून पाचर ठोकायला जागा राहावी म्हणूनही ती कमीच ठेवणे बरे. बिजागरीची जाडी मात्र व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी असावी, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पुढे झुकलेल्या झाडाला मागचा काप हळूहळू देत गेल्यास बिजागरी तयार होण्याआधीच खोड उभे चिरत वर जाते आणि चिरलेला भाग मागे उभ्या असलेल्या माणसावर येतो. या प्रकारात बचावाला क्षणही मिळत नाही.

पण ही मापे सरळ, निरोगी खोडाची. गोव्याच्या उतारावर तशी झाडे थोडी. वजन कोणत्या बाजूला आहे हे बुंध्याजवळ उभे राहून कळत नाही. लांब जाऊन, दोन बाजूंनी, शेंड्याकडे पाहावे लागते. कुऱ्हाडीची पाठ खोडावर मारून आवाजावरून पोकळी ओळखतात. जुन्या सागाचा गाभा पोकळ असला की बिजागरीच्या कडा तेवढ्या उरतात व दिशा हातून जाते. गारंबीसारखे जाड वेल दोन-तीन झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून ठेवतात. ते बऱ्याच आधी तोडून वाळू द्यावे लागतात, नाहीतर एक झाड पडताना दुसऱ्याची फांदी ओढून आणते. बिब्बा व रानबिब्बा ओळखता येणे ही तर पहिली इयत्ता. त्यांचा चीक अंगावर उततो आणि पायताणाला लागून घरापर्यंत येतो. हे सारे नवख्याला पुस्तकातून येत नाही. आधी फांद्या ओढणे, मग दोर धरणे, मग पाचर ठोकणे, आणि सर्वांत शेवटी करवत हाती, हा जुना क्रम शहाणपणाचा आहे. चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची यांत्रिक करवत, हातात आल्यावर तो मोडू लागला, कारण यंत्र चालवणे काही दिवसांत जमते, झाड वाचणे जमत नाही.

पळवाट आधी साफ करणे हा अनुभवाचाच भाग. ती पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरकी, सुमारे ४५ अंशांत ठेवतात. इतरांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर राहायचे असते. पळवाटेवर पाय घसरला तर बाकीची सारी काळजी वाया जाते. म्हणून पादत्राणाचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा.

चेनसॉसाठीच्या संरक्षक बुटांचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७२४९ हे आहे. त्यात साखळीच्या वेगानुसार दर्जे आहेत : पहिला सेकंदाला २० मीटर, दुसरा २४ व तिसरा २८. चामड्याच्या बुटांत जिभेखाली व चवड्यावर तंतूंचे थर असतात. साखळी लागली की तंतू तिच्यात गुंततात व ती अडते. हे संरक्षण पुढच्या बाजूचे असते. टाचेच्या मागे ते नसते, आणि बूट म्हणजे अभेद्य कवच असा समज घातक आहे. भारतीय मानक आयएस १५२९८ हे सर्वसाधारण सुरक्षा पादत्राणांसाठी आहे. त्यातल्या सुरक्षा बुटाची बोटांवरची कठीण टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, ओंडका पायावर पडण्याच्या दृष्टीने ते मोलाचेच. पण त्यावरून साखळीपासून संरक्षण मिळते असे धरू नये. बाजारात ‘सेफ्टी शूज’ या एकाच नावाखाली दोन्ही खपतात, म्हणून हा फरक येथे मुद्दाम नोंदवला आहे.

तळाचा प्रश्न अधिक वादाचा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तोडणी कामगार तळाला पोलादी खिळे असलेले उंच बूट वापरतात. साल व ओले ओंडके यांवर त्यांची पकड उत्तम असते. तेच बूट इथे आणावेत असे सुचवले जाते. ते पटण्यासारखे नाही. गोव्याची जमीन पुष्कळ ठिकाणी उघड्या जांभ्याची आहे. दगडावर खिळे पकड धरत नाहीत, घसरतात. खोल नक्षीचा रबरी तळ व उतारावर रोवता येईल अशी स्पष्ट टाच हे येथील भूमीला अधिक साजेसे. मात्र जांभ्याची चिकट माती नक्षीत भरली की तळ गुळगुळीत होतो. ती वेळोवेळी काढावी लागते. गमबूट स्वस्त व पाणी अडवणारे, पण घोट्याला आधार देत नाहीत. साखळीरोधक थर असलेले रबरी बूटही निघतात.

प्रत्यक्षात अनेक कामगार चपलेवर किंवा अनवाणी काम करतात. त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. संरक्षक बुटाची किंमत रोजंदारीला पेलणारी नसते, आणि दमट उन्हात बंद बूट दिवसभर सोसत नाही. बूट पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी धरली तरच हे बदलेल.

बुटाचा लाभ करवतीपुरता नाही. तोडणीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन मेपर्यंत चालतो. क्यासनूर वनरोग, म्हणजे माकडताप, पसरवणाऱ्या गोचिडांच्या पिल्लांचा सुळसुळाटही याच महिन्यांत असतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला हा रोग २०१५ पासून सत्तरीत दिसू लागला. पाल्यापाचोळ्यातून गोचीड पायांवरच चढते. पँटचे पाय मोज्यांत व मोजे उंच बुटांत, ही साधी सवय येथे औषधाइतकी महत्त्वाची आहे. कातळावरील फुरसे व झुडपांतील घोणस यांचे दंशही बहुधा पावलाला वा घोट्यालाच होतात.

माडाची तोड वेगळी. त्याचे खोड बाहेरून कठीण व आत मऊ असते. बिजागरी भरवशाने दिशा धरत नाही, म्हणून दोर लागतोच. घरांच्या दाटीत पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) आधी वर चढून शेंडा उतरवतो, मग खोड तुकड्यातुकड्याने खाली घेतात. चढताना पाय उघडेच असतात, कारण खोडावर तळव्याची पकड लागते. बूट खाली उतरल्यावरचे. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते. २०१६ च्या दुरुस्तीने माड ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला होता. त्यावर लोकांनी तीव्र नापसंती दाखवली, आणि २०१७ मध्ये त्याला राज्यवृक्षाचा मान देऊन पुन्हा संरक्षणात आणण्याचा निर्णय झाला.