काफ स्टार्टर म्हणजे कुटलेली गोळी पेंड नव्हे

मुरबाड-शहापूरकडच्या गोठ्यात "वासराला खुराक काय देता?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. "गायीचीच गोळी पेंड, जरा कुटून. स्टार्टर महाग, आत तेच तर असतं!" तेच नसतं हो. गोळी पेंड म्हणजे गायीचं गोळ्यांचं पशुखाद्य, काफ स्टार्टर म्हणजे दूध पिणाऱ्या वासरासाठीचा खास कोरडा भरडा.

गायीचं खाद्य तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही. प्रथिनं गायीच्या खाद्यात 20-22 टक्के, स्टार्टरमध्ये 23 ते 26. तंतू स्टार्टरमध्ये कमी, 7 टक्क्यांच्या आत. आकड्यांवरून भांडायचं कारण नाही. घोळ होतो तो पोटाचा.

गायीचं खाद्य तयार कोटीपोटासाठी असतं, म्हणजे चार कप्प्यांच्या पोटातल्या चारा आंबवणाऱ्या मोठ्या कप्प्यासाठी. त्यात थोडा युरिया असला तरी कोटीपोटातले जिवाणू त्याचं प्रथिन करतात. पंधरा दिवसांच्या वासराकडे ते कोटीपोटच नसतं. असते एक पातळ, गुळगुळीत पिशवी. तिथे युरिया वाया जातोच, वर विषबाधेची भीती. स्टार्टर ही पिशवी घडवायला असतो. त्यातला मका आणि पेंडीचा भरडा तिथे आंबला की ब्युटिरिक आम्ल तयार होतं आणि त्याच्यावर आतल्या अस्तराला बारीक बोटांसारखे उंचवटे फुटतात. पुढे चाऱ्यातलं सत्त्व शोषतात ते हेच. भाताच्या पेंढ्याने पिशवी नुसती ताणली जाते, अस्तर तसंच राहतं. आपल्याकडे पोट सुटलेलं वासरू दिसलं की "भरलंय छान" म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. ते पेंढ्याने फुगलेलं असतं, पाठीचे मणके मोजून बघा.

आणि भरडा दुधात कालवू नका. वासरू दूध प्यायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं, सोबत कालवलेला भरडाही. ज्या पिशवीसाठी तो दिला, तिथे कण पोचत नाही. मीही एका पावसाळ्यात हा शहाणपणा केला होता. मक्याचं पीठ दुधातून पाजलं, चार दिवस हगवण साफ करत बसलो.

म्हणून स्टार्टर कोरडाच. पहिल्याच आठवड्यापासून, दूध पाजून झालं की चिमूटभर ओठांना लावायचा, मूठभर घमेल्यात ठेवायचा. शेजारी पाण्याची बादली हवीच, कारण बादलीतलं पाणी बहुतांशी कोटीपोटात जातं आणि त्याशिवाय भरडा आंबत नाही. "दूध पितंय, पाणी कशाला?" हे वाक्य तर मला ऐकायचंच नाही.

दूध तोडताना नुसतं वय बघू नका. संकरित कालवड लागोपाठ तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर खाऊ लागली की तोडा. घमेलं रोज रिकामं करा. श्रावणातल्या दमट हवेत वास धरलेला भरडा उकिरड्यावर, नुसता शिळा असेल तर गायीपुढे. गायीला स्टार्टर चालतो.