मेंदूवरची पाटी बदलली: उपजत की अक्कल या वादाची पार्श्वभूमी

प्राण्यांचं सगळं उपजत आणि विचार करतो तो माणूसच, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. यावर वाद सुरू झाला की लोक एकतर घरच्या कुत्र्याचे किस्से सांगतात नाहीतर मेंदूच्या वजनावर येतात. वजनाचं आधी उरकून टाकू. माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, हत्तीचा साडेचार-पाच किलो, स्पर्म व्हेलचा आठ किलोच्या आसपास. म्हणजे नुसत्या वजनावर माणूस पहिला येईना. मग मेंदूला शरीराच्या वजनाने भागून बघितलं, तर चिचुंद्रीच्या जातीतले बारके प्राणी पुढे गेले. मग १९७३ च्या सुमारास एक सुधारित गुणोत्तर चालू झालं, त्यात शरीराच्या मानाने जेवढा मेंदू अपेक्षित आहे त्याच्या किती पट आहे हे बघतात, आणि तिथे माणूस सातच्या वर, डॉल्फिन चार-पाचच्या घरात. झालं, आलो आपण पहिले. मोजपट्टी बदलत गेली पण निकाल आधीच ठरलेला होता असं मला तरी वाटतं, आणि पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

मेंदू रक्त थंड करायला असतो असं मानणारे ग्रीक आणि प्राणी म्हणजे निव्वळ यंत्र म्हणणारं सतरावं शतक, हे सगळं सोडून देतो. १८५७ मध्ये लंडनच्या एका बड्या शरीरशास्त्रज्ञाने जाहीर केलं की माणसाच्या मेंदूत 'हिप्पोकॅम्पस मायनर' नावाचा एक भाग आहे आणि तो एपमध्ये (चिंपांझी-गोरिलासारख्या बिनशेपटीच्या माकडांत) नाहीच, पुढच्या चार-पाच वर्षांत विरोधकांनी एपचे मेंदू कापून तो भाग दाखवला आणि जाहीर नाचक्की झाली. १८७१ मध्ये उत्क्रांतीवाल्यांनी सांगितलं की माणूस आणि वरचे प्राणी यांच्यातला फरक कमी-जास्तीचा आहे, जातीचा नाही. १८९४ मध्ये एका ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने नियम घातला की साध्या क्षमतेने काम भागत असेल तर प्राण्याच्या वागण्याला वरची बुद्धी चिकटवू नका.

हा नियम किती गरजेचा होता ते बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याने दाखवलं. हान्स खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०४ मध्ये चौकशी समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. १९०७ पर्यंत उलगडा झाला: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा, कारण तो समोरच्याच्या मानेची आणि चेहऱ्याची अगदी बारीक हालचाल बघून थांबायचा. खरं तर अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावरून योग्य क्षण ओळखणं ही काय कमी अक्कल आहे? पण त्या काळात धडा एवढाच घेतला गेला की प्राण्यांना काही कळत नाही, आणि पुढची चाळीसेक वर्षं प्राण्याच्या 'मना'बद्दल बोलणं म्हणजे करिअरची वाट लावून घेणं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँकफर्टमधल्या एका मज्जाशास्त्रज्ञाने माशापासून माणसापर्यंतच्या मेंदूंची तुलना केली आणि भागांना नावं दिली. त्याच्या डोक्यात जिना होता: खाली मासे, मग बेडूक, सरडे, पक्षी, वर सस्तन प्राणी आणि शेवटच्या पायरीवर आपण. प्रत्येक पायरीवर जुन्या मेंदूवर नवा थर चढला असं त्याचं म्हणणं. सस्तन प्राण्यांत मेंदूच्या आत खोलवर 'स्ट्रायटम' नावाचा भाग असतो, हालचाली आणि सवयींशी जोडलेला, आणि त्यावर पांघरलेला असतो कॉर्टेक्स, जिथे विचार होतो असं मानतात. पक्ष्याचा मेंदू कापला तर असा थरांचा कॉर्टेक्स दिसत नाही, पेशींचे गोळेच दिसतात. मग त्या जवळपास सगळ्या गोळ्यांना स्ट्रायटमचीच नावं मिळाली, पॅलिओस्ट्रायटम, आर्किस्ट्रायटम, निओस्ट्रायटम, हायपरस्ट्रायटम. म्हणजे पक्ष्याच्या पुढच्या मेंदूच्या बहुतेक भागावर 'इथे फक्त उपजत वागणं चालतं' अशी पाटीच लागली. काऊचं घर शेणाचं म्हणणारे आपणही काही वेगळे नव्हतो म्हणा.

ही पाटी चुकीची आहे हे १९६० च्या दशकातच दिसायला लागलं होतं. सस्तन प्राण्यांचं स्ट्रायटम विशिष्ट रसायनांच्या चाचणीत गडद रंग घेतं, पक्ष्यांच्या मेंदूवर तीच चाचणी केली तर तळाचा एक छोटासा तुकडा रंगला आणि वरचे मोठाले गोळे कोरेच राहिले. नंतर जोडण्या तपासल्या, मग जनुकं तपासली, सगळ्यांचं म्हणणं तेच: सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्ट्रायटम नाहीच, तो 'पॅलियम' आहे, म्हणजे ज्यापासून आपला कॉर्टेक्स बनतो त्याच कुळातला. तरी नावं बदलायला २००२ उजाडलं. चाळीस वर्षं! शंभर वर्षांची पेपरं त्या नावांनी भरलीत, बदललं तर जुनं काही कुणाला कळणार नाही, ही भीती होती आणि ती खोटीही नव्हती.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेत डरहॅमच्या एका विद्यापीठात या विषयातली मंडळी जमली आणि एकेका नावावर बसली. कॉर्टेक्स म्हणायचं का हा खरा तिढा. एका गटाचं म्हणणं, हे गोळे म्हणजे आपल्या कॉर्टेक्सच्या थरांचेच भाऊबंद, फक्त मांडणी वेगळी. दुसरा गट म्हणाला छे, हे आपल्या मेंदूतल्या अमिग्डाला (भीती-भावनांशी जोडलेला भाग) वगैरे भागांच्या जवळचे आहेत. तोडगा एकदम व्यवहारी निघाला, नातं कुठलं ते सांगायचंच नाही, प्रत्येक नावाच्या शेवटी नुसतं 'पॅलियम' लावायचं. निओस्ट्रायटमचं निडोपॅलियम झालं, आर्किस्ट्रायटमचं आर्कोपॅलियम, हायपरस्ट्रायटमच्या वरच्या भागाचं हायपरपॅलियम. नवी नावं शोधताना हेही बघितलं की इंग्रजी आद्याक्षरं शक्य तिथे तीच राहावीत, म्हणजे जुन्या नकाशांवरचा 'एन' नव्या नकाशावरही 'एन'च. सगळ्यात गंमत 'एचव्हीसी'ची. गाणाऱ्या पक्ष्यांत गाणं शिकण्याचं हे केंद्र, आधी त्याचा फुलफॉर्म हायपरस्ट्रायटमवरून होता, मग कुणीतरी 'हाय व्होकल सेंटर' केला, आणि २००२ मध्ये ठरलं की याला फुलफॉर्मच नको, एचव्हीसी हेच नाव. सरकारी कमिटीत शोभेल असा निर्णय, पण टिकला. २००४-०५ मध्ये हे सगळं छापून आलं आणि त्यानंतरच्या पेपरांत जुनी नावं जवळपास दिसेनाशी झाली.

योगायोग असा की २००२ च्याच ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डच्या बेटीचा प्रयोग छापून आला. बेटी म्हणजे न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या जातीची कावळी. उभ्या नळीच्या तळाशी खाऊची छोटी बादली, बादलीला कडी, आणि बाहेर दोन तारा, एक सरळ, एक वाकडी. जोडीच्या नराने वाकडी तार पळवली, तर बेटीने सरळ तारेचं टोक कुठेतरी अडकवून वाकवलं आणि बादली ओढून काढली. मग मुद्दाम सरळ तारच दिली तर १० पैकी ९ वेळा तिने आकडा केला. जगभर गाजावाजा झाला, कावळा विचार करतो वगैरे. २०१६ मध्ये मात्र कळलं की रानातले त्या जातीचे कावळे काटक्या वाकवतातच, म्हणजे बेटीची करामत निदान काही अंशी तिच्या जातीच्या अंगात होती. मग ती हुशार का उपजत? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. आपली सुगरण घ्या, खोपा विणणं उपजत असं आपण डोळे मिटून म्हणतो (विणतो नर, कौतुक मादीचं, ते एक असोच), पण तिच्याच कुळातल्या आफ्रिकी विणकर पक्ष्यांवर २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात एकाच नराची पद्धत खोप्यागणिक बदलताना दिसली. उपजत आणि शिकलेलं अशा दोन वेगळ्या बरण्या निसर्गात नाहीत.

पाटी बदलली तरी आकडे हवे होते, ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आले. २००५ मध्ये एक पद्धत निघाली, मेंदू डिटर्जंटमध्ये विरघळवून त्याचं सूप करायचं आणि पेशींची केंद्रकं मोजायची. ऐकायला भयंकर, पण आधीच्या अंदाजपंचे आकड्यांपेक्षा कितीतरी बरी. २००९ मध्ये माणसाचा आकडा आला, सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन (म्हणजे संदेश नेणाऱ्या चेतापेशी), त्यातले कॉर्टेक्समध्ये १६ अब्ज. २०१४ मध्ये हत्तीचे एकूण २५७ अब्ज निघाले, पण त्यातले बहुतेक सगळे मागच्या लहान मेंदूत आणि कॉर्टेक्समध्ये जेमतेम साडेपाच अब्ज. मग २०१६ मध्ये पक्षी मोजले तेव्हा खरा धक्का बसला. मकाऊ पोपटाचा मेंदू वीसेक ग्रॅमचा, मकाक माकडाचा त्याच्या चौपट, तरी पुढच्या मेंदूतले न्यूरॉन पोपटाचे जास्त, सुमारे १.९ अब्ज विरुद्ध १.७ अब्ज. एवढ्याशा कवटीत इतकी दाटी. २०२० मध्ये कबूतर आणि घुबडांच्या पॅलियममध्ये कॉर्टेक्ससारखी उभी-आडवी मांडणी दिसली, तेव्हा हे गोळे कॉर्टेक्सचेच भाऊबंद म्हणणारा पहिला गट खूश झाला. पण २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या कामातून उलटं दिसतंय, की पक्षी आणि सस्तन प्राणी अशा जोडण्यांपर्यंत बऱ्याच अंशी आपापल्या वाटेने पोचले. म्हणजे २००२ मध्ये नातं सांगायचं टाळलं ते शहाणपणाचंच होतं.

यादरम्यान लोकांपर्यंत काय पोचलं? १९३६ च्या एका प्रचंड खपाच्या सेल्फ-हेल्प पुस्तकाच्या प्रस्तावनेतून पसरलेली 'आपण १० टक्केच क्षमता वापरतो' ही थाप, तीही पुढे 'मेंदू १० टक्केच वापरतो' अशी होऊन. शरीराच्या दोन टक्के वजनाचा अवयव वीस टक्के ऊर्जा खातो, तो नव्वद टक्के रिकामा बसेल कसा. आणि दुसरी, १९६० च्या दशकातली 'आत सरड्याचा मेंदू, वर माणसाचा' ही कल्पना. हा तोच फ्रँकफर्टचा जिना, फक्त नवा रंग मारलेला, आणि मोटिव्हेशनल स्पीकरांचा तर आवडता.

कायद्याने मात्र वेगळीच वाट धरली. मे २०१३ मध्ये केंद्रातल्या प्राणिसंग्रहालयं बघणाऱ्या प्राधिकरणाने राज्यांना डॉल्फिन पार्कचे प्रस्ताव नाकारायला सांगितलं, तेव्हा आपल्या सिंधुदुर्गातल्या पार्कचीही चर्चा चालू होती. डॉल्फिनच्या असामान्य बुद्धीमुळे त्यांना 'मानवेतर व्यक्ती' मानावं असं काही शास्त्रज्ञ सुचवतात, असं त्या पत्रकात होतं, आणि बातम्यांत त्याचं 'भारताने डॉल्फिनला व्यक्ती घोषित केलं' असं झालं. तसं काही झालेलं नाही. आणि त्याच देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदरांच्या शेजारी कावळा 'उपद्रवी' म्हणून बसलेला होता, ती अनुसूची रद्द झाली २०२२ च्या दुरुस्तीत. त्या दुरुस्तीमागे कावळ्याच्या न्यूरॉनचा काही संबंध नव्हता, सगळ्या याद्याच नव्याने लावल्या गेल्या.