संमती देऊ न शकणारी माणसे आणि संशोधन : पार्श्वभूमी

अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेली माणसे, म्हणजे ज्यांना बहुधा बोलता येत नाही आणि जेवणापासून अंघोळीपर्यंत सगळ्यासाठी आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो अशी माणसे, आजच्या संशोधनात क्वचितच दिसतात. एके काळी मात्र संशोधकांना हीच माणसे सर्वांत सोयीची वाटत असत, कारण ती संस्थेच्या चार भिंतींत होती आणि तक्रार करणार नव्हती.

स्वीडनमधील लुंड येथील विपेहोल्म रुग्णालयात १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा रुग्णांना दातांना चिकटून राहतील अशा मुद्दाम बनवलेल्या टॉफी दोन जेवणांच्या मधल्या वेळेत खायला दिल्या गेल्या. एका गटाला तर दिवसाला चोवीस. साखरेने दात किडतात, आणि ती चिकट असेल व वारंवार खाल्ली तर अधिक किडतात, हे त्यातून सिद्ध झाले. मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी देण्याची स्वीडिश रीत या निष्कर्षांच्या आधारे रुजली. ज्यांचे दात गेले त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक संस्थेतील प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तेथे १९५६ पासून डॉक्टर सॉल क्रुगमन यांच्या पथकाने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना जाणूनबुजून काविळीच्या विषाणूची बाधा करवली. संस्थेत ही कावीळ आधीच पसरलेली असल्याने मुलांना ती आज ना उद्या होणारच, असा त्यांचा युक्तिवाद होता. पालकांची लेखी संमतीही घेतलेली होती. मात्र पुढे गर्दीमुळे संस्थेतील सर्वसाधारण प्रवेश बंद झाले, आणि फक्त प्रयोगाच्या कक्षातच जागा उरल्या. घरी मुलाला सांभाळणे अशक्य झालेल्या आईवडिलांची त्या कागदावरची सही कितपत मोकळेपणाने झाली असेल, हा प्रश्न तेव्हापासून पालकांच्या संमतीला चिकटला आहे. अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी १९६६ च्या लेखात अनैतिक संशोधनाची जी बावीस उदाहरणे दिली, त्यांत विलोब्रुकही होते.

नियम त्याआधीच आले होते, पण ते एकमेकांशी जुळत नव्हते. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेने व्यक्तीची स्वतःची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य ठरवली. ती शब्दशः पाळली तर ही माणसे संशोधनाबाहेरच राहतात. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने कायदेशीर पालकाच्या संमतीची वाट मोकळी केली. पुढे संशोधनाच्या नीतिनियमांवरील १९७९ च्या अमेरिकी बेलमाँट अहवालाने, संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीचा विरोधही, एखादा अपवाद वगळता, मानला जावा असे सांगितले. माझ्या मते खरा बदल येथे आहे. होकार मिळवता येत नसेल, तर निदान नकार ओळखता यावा.

इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने हाच विचार तपशिलात उतरवला. संशोधनाचा त्या व्यक्तीच्या स्थितीशी संबंध असावा, संमती देऊ शकणाऱ्यांवर तेवढाच परिणामकारक अभ्यास होण्यासारखा नसावा, जवळच्या माणसाचा सल्ला घ्यावा, आणि व्यक्ती एखाद्या गोष्टीला प्रतिकाराची चिन्हे दाखवत असेल तर, तिची हानी किंवा वेदना टाळण्यासाठीचे उपाय वगळता, ती गोष्ट करू नये, असे त्यात म्हटले आहे. मान फिरवणे, अंग ताठ करणे, हात झटकणे या खुणांना त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने वजन आले. अर्थात त्या वाचण्यासाठी संशोधकाला आधी त्या माणसाच्या सहवासात वेळ घालवावा लागतो, आणि अनुदानाच्या वेळापत्रकात तेवढी सवड बहुधा नसते.

याच काळात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सहसंशोधक मानणारी चळवळ इंग्रजीभाषक देशांत वाढली. तिचा भर मुलाखती, बैठका आणि चर्चेवर राहिल्याने तिचा लाभ मुख्यतः बोलू शकणाऱ्यांना झाला.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००७ मध्ये मान्य केला. त्यानुसार पुढे आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ६ नुसार, दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यासाठी तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त व माहितीपूर्ण संमती लागते, शिवाय एका समितीची पूर्वपरवानगीही लागते. त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचे असावे लागतात. कोणत्याही माध्यमातून संमती देता न येणाऱ्या माणसाचे काय, याचे उत्तर मात्र त्या कलमात नाही.