वाळू सरकू नये म्हणून: जिओसेलची पार्श्वभूमी

सुट्या वाळूवरून किंवा चिखलातून जड वाहने न्यायची कशी, हा सैन्याचा जुना पेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने यासाठी भोके पाडलेल्या पोलादी फळ्या अंथरल्या. १० फुटांची एक फळी जवळपास ३० किलोची, आणि ती सगळी जहाजातून आणायची. १९७० च्या दशकात मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गच्या लष्करी प्रयोगशाळेत विचाराची दिशाच बदलली: किनाऱ्यावर वाळू हवी तेवढी आहे, मग तिच्याकडूनच भार का पेलवून घेऊ नये? त्यातूनच जिओसेल, म्हणजे वाळू कोंडून धरणाऱ्या कप्प्यांची जाळी, आली.

चाक वाळूत रुतते, कारण त्याच्या दाबाने कण बाजूला सरकतात. ते सरकणे रोखायचे होते. प्रयोगशाळेतील स्टीव्ह वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी आधी प्लास्टिकच्या नळ्या एकमेकींना बांधून त्यांत वाळू भरली. मग रेझिनमध्ये (सुकल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेल्या कागदाचे कप्पे केले, अॅल्युमिनियमचेही केले. पण धातू महाग आणि हाताळायला अवघड. अखेर एचडीपीई या मजबूत प्लास्टिकच्या पट्ट्या ठरावीक अंतरावर जोडून केलेली जाळी जमली. मिटवली की चळत, ताणली की सुमारे २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ८ इंच खोल पोळे. वजन ५० किलोच्या आसपास. प्रेस्टो या कंपनीने पुढे तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. १९९०-९१ च्या आखाती युद्धात सौदी वाळवंटातील रस्त्यांखाली ती होती.

वापर इतका पुढे गेला, तरी त्यामागचे गणित मागून आले, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. १९९३ मध्ये कॅनडाचे रिचर्ड बॅथर्स्ट आणि आयआयटी मद्रासचे राजगोपाल करपुरापू यांनी मोठ्या त्रिअक्षीय चाचण्यांतून (नमुन्याला बाजूंनी आणि वरून दाबून पाहण्याच्या चाचण्यांतून) दाखवले की कप्प्यात कोंडल्याने घर्षणकोन, म्हणजे कणांमधील घर्षणाचे माप, जवळजवळ तसाच राहतो. दाबाखाली कप्प्याच्या भिंती ताणल्या जातात आणि वाळूला आवळून धरतात. त्यामुळे कोरड्या वाळूतही चिकटपणा असल्यासारखी ताकद येते. १९९९ मध्ये आयआयटी मद्रासच्याच संशोधकांनी पुढची बाब मांडली: एकट्या कप्प्याच्या चाचणीवरून पूर्ण थराचा अंदाज बांधू नये, किमान तीन जोडलेले कप्पे तपासावेत. प्रत्येक कप्प्याला शेजारच्यांचा आधार असतो, म्हणून हे पटते.

आपल्याकडच्या काळ्या मातीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. कप्प्यांत भरलेला मुरूम किंवा खडी चाकाचा भार जास्त जागेवर पसरवते. खालच्या मातीचे फुगणे-आकसणे त्याने थांबत नाही. ते पाण्यामुळे होते, म्हणून रस्त्याकडेचे गटार आधी नीट हवे.